लाजऱ्या फळांच्या बागेतली कात्री

मी छाटणीची कात्री बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, कुरकुरतेय म्हणा. स्प्रिंग ढिली झाल्यापासून माझा आवाज असाच येतो. बागेत काम करणारे मला सिकेटर म्हणतात, पण आमच्या घरी शिवणाची कात्री वेगळी, स्वयंपाकघरातली वेगळी आणि मी नुसतीच कात्री. गोड गोड बोलणं मला जमत नाही. आयुष्यभर कापायचंच काम केलंय, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादाची पट्टी तापवली, ठोकली, मग तिला पाणी दिलं, म्हणजे कडक केलं. लालभडक असताना मला तेलात बुडवलं तेव्हा जो चरचराट झाला, तोच माझा जन्मतानाचा ट्यांहा समजा. मला दोन पाती आहेत. एक धारेचं, दुसरं बोथट आणि चोचीसारखं वाकलेलं. बोथट पातं फांदी धरून ठेवतं, मग धारेचं कापतं. येणारा जाणारा धारेवर अंगठा फिरवून कौतुक करतो आणि बोथटाकडे कुणी बघतसुद्धा नाही. संसारातही असंच असतं म्हणे. मला अनुभव नाही.

दुकानात मी रबरी पाइप आणि उंदरांचे सापळे यांच्यामध्ये खिळ्याला टांगलेली होते. एक दिवस एक जोडपं आलं. तो उंच, हडकुळा आणि घाईत. ती ठेंगणी, आणि तिला मुळीच घाई नव्हती. तिनं पाच कात्र्या खाली उतरवल्या. एकेक कात्री कानाशी धरून उघडली, मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

दुकानदार वैतागला. "बाई, कात्री घ्यायचीय की घड्याळ?"

"हिच्याबरोबर वर्षानुवर्षं काढायचीत," ती म्हणाली. "आवाज आवडायला नको?"

"मला पसंत करताना नाही ऐकलास तो आवाज?" नवऱ्यानं विचारलं.

"ऐकला असता तर पसंत केलं असतं होय?"

दुकानदार हसला, नवराही हसला आणि मी त्यांच्या घरी आले. ती माझी मालकीणबाई. तो म्हणजे आबा. हे नाव त्यांना पुढे मुलगा बोलायला लागल्यावर पडलं आणि मग सगळ्यांच्याच तोंडी बसलं.

घरामागच्या उतारावर त्या दोघांनी ब्लूबेरी लावली होती. सात ओळी, एकशे चाळीस झुडपं. झुडूप वाढून वाढून माणसाच्या खांद्याला लागतं. फुलं पांढरी, टांगलेल्या घंटांसारखी. फळं आधी हिरवी आणि मग निळी होतात. त्या निळ्यावर पिठासारखा एक थर असतो. बोटानं पुसला की खालचा गडद रंग दिसतो. लहान मुलं ते पुसत बसतात. मालकीणबाईही बसायच्या.

माझं काम हिवाळ्यात, पानं गळून झाडं उघडी पडली की सुरू व्हायचं. जुन्या, दमलेल्या फांद्या बुडाशी काढायच्या, एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक ठेवायची. मालकीणबाई कापायच्या आधी फांद्यांना विचारायच्या, "काय गं, तू जातेस की ही जाते?" खोटं नाही सांगत. उत्तर यायची वाटही बघायच्या. आबा पलीकडच्या ओळीतून ओरडायचे, "अगं, संध्याकाळ होईल अशानं!" आणि व्हायचीच संध्याकाळ.

त्यांची एक सवय होती. फळं तोडताना गळलेली, सुकलेली, पक्ष्यांनी टोचलेली फळं त्या एप्रनच्या खिशात गोळा करायच्या. दिवसाचं काम संपलं की ज्या झुडपाची फळं, त्याच झुडपाच्या बुडाशी मूठभर पसरून द्यायच्या. वरून पाल्याची एक चिमूट. एका झुडपाचं दुसऱ्याला चुकूनसुद्धा जाऊ द्यायच्या नाहीत. "ज्याचं त्याला," म्हणायच्या आणि हात झटकायच्या.

त्यांच्या शेवटच्या दोन उन्हाळ्यांत निळ्या घोसांमध्ये मधूनच एखादं गुलाबी फळ दिसायला लागलं. सगळी निळी झाली तरी ते आपलं फिकट गुलाबीच. मालकीणबाईंना त्याचं कोण कौतुक! "अहो, ही बघा, ही लाजली," असं आबांना बोलावून दाखवायच्या. तेव्हापासून आमच्या घरात त्या फळांना 'लाजरी' म्हणायला लागले. लाजरी फळं काही दिवसांत आक्रसायची, कडक व्हायची आणि गळून पडायची. मग तीही एप्रनच्या खिशातून झुडपाच्या बुडाशी जायची, आणि जरा जास्तच मायेनं. मलाही हसू यायचं. सांगून टाकते, उगाच लपवून ठेवायला नको.

एका हिवाळ्यात मालकीणबाई आजारी पडल्या आणि छाटणी सुरू व्हायच्या आधीच गेल्या. सगळं आटोपल्यावर आबा अवजारांच्या खोलीत आले. मला उचलून बागेत घेऊन गेले. त्यांनी एकही फांदी कापली नाही. मला कानाशी धरलं, उघडलं, मिटलं, आणि परत आणून ठेवलं. मी लोखंडाची असूनही त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर आबांनी तिची एकही रीत मोडली नाही. फांद्यांना विचारणं त्यांना जमेना, त्यांना लाज वाटायची. पण संध्याकाळची मूठ मात्र चुकली नाही. पाऊस असो, पाय दुखत असोत, कोणी पाहुणे बसलेले असोत. एकशे चाळीस झुडपांपाशी वाकायचे आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचे, "ज्याचं त्याला." लाजरी फळं वर्षागणिक वाढत होती. आबांना वाटायचं, बाग तिची आठवण काढते.

मुलगा मालट्रक चालवतो, महिन्यातले चार दिवस घरी. सून घरात शिवणकाम करते. लोकांचे कपडे आत घेणं, बाहेर सोडणं, चेन बदलणं, असली कामं. तिच्या मशीनच्या खोलीची खिडकी बागेकडे उघडते. बागकामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण कात्रीची कदर होती. मला कुणी ओलं ठेवलेलं दिसलं की न बोलता पुसायची. त्यामुळे ती मला पहिल्यापासून आवडली.

काही वर्षांपूर्वीच्या वसंतात बाग बिघडली. नुकतीच फुटलेली कोवळी पालवी माना टाकायला लागली. पान देठापासून तपकिरी व्हायचं, तो रंग मधल्या शिरेवरून खाली उतरायचा आणि चार दिवसांत सगळी डहाळी काळी पडून लोंबायची. एका झुडपावर दहा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर एकही नाही.

"थंडीनं करपली," आबा म्हणाले. "पहाटेचा गारठा बसला."

"थंडी काय झुडूप निवडून बसते का आबा?" सुनेनं विचारलं. "शेजारच्या डहाळीला काही नाही आणि हीच तेवढी काळी?"

"तू शिवण बघ."

"शिवणच बघतेय. कापड विरलं तर सगळीकडे विरतं. हे ठिकठिकाणी उसवलंय."

आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मुलानं फोनवर वेगळाच शोध लावला. त्यानं कुठल्याशा थांब्यावर बसून वाचलं होतं की बागेतले रोग कात्रीनं पसरतात. एक आजारी फांदी कापायची, तीच कात्री निरोगी फांदीला लावायची, झालं काम! "ती जुनी कात्री आधी फेका," तो म्हणाला.

म्हणजे आता सगळं खापर माझ्यावर. मला औषधाच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवून ठेवलं. दोन दिवस मी त्या उग्र वासात पडून होते. खरं सांगू? मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. इतक्या वर्षांत इतक्या फांद्या कापल्या, कुठून काय उचललं आणि कुठे नेऊन ठेवलं, कोण जाणे. माझ्या मालकीणबाईंची बाग मीच मारली असेन, तर त्या बादलीतच गंजून जावं, असं मला वाटत होतं.

उन्हाळा आला आणि घोसांमध्ये निम्मी फळं गुलाबी निघाली. आता लाडानं लाजरी म्हणायचं तरी किती? टोपल्यांच्या टोपल्या निवडून बाजूला टाकाव्या लागल्या. मुलगा घरी आला, सातही ओळी फिरला आणि जेवताना म्हणाला, "आबा, हिवाळ्यात मशीन आणतो. सगळं मुळासकट काढू. दुसरं काहीतरी लावू."

आबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "काढा. झुडपं नेणाऱ्या ट्रॉलीत माझ्यासाठीही जागा ठेवा."

"आबा, असं काय बोलता?"

"मग कसं बोलू?"

त्यानंतर कोणी जेवलं नाही. सुनेनं ताटं उचलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडांच्या रोगनिदान केंद्रात फोन लावला. रोगाचं नाव कळल्याशिवाय मशीन येणार नाही, असं तिनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. तिकडून सांगितलं गेलं, की वाळलेल्या डहाळ्या आणा, फळं आणा, कागदाच्या पिशवीत आणा, प्लास्टिकच्या नको. आणि छाटता ती कात्रीही आणा.

'कात्रीही आणा' म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. पांढऱ्या फरशीचा ओटा, बेसिन, एक सूक्ष्मदर्शक, पानं ठेवायचे ट्रे, आणि एक फ्रिज. फ्रिजमध्ये 'हे खाऊ नये' अशी चिठ्ठी लावलेल्या बरण्या आणि त्यांच्याच शेजारी डॉक्टरीणबाईंचा जेवणाचा डबा. त्या डब्यावर चिठ्ठी होती, 'हे फक्त मी खावे'. डॉक्टरीणबाई जाड चष्म्याच्या, केस कसेतरी बांधलेले आणि बोलण्यात मोकळ्या.

"बसा. घाबरलात का? झाडांना मी इंजेक्शन देत नाही," त्या म्हणाल्या. मग मला उचललं, स्पिरिटच्या बोळ्यानं दोन्ही पाती पुसली. बोथट पातंसुद्धा! आणि माझ्याचकडून एक वाळकी डहाळी मधोमध चिरली.

"बघा. छाटणीच्या जखमेतून रोग शिरला असता तर लाकूड आतून तपकिरी दिसलं असतं, दुधाळ कॉफीसारखं. हे स्वच्छ आहे. जुन्या फांद्या धडधाकट आहेत, फक्त कोवळे शेंडे गेलेत. म्हणजे रोग वाऱ्यानं, कोवळ्या पालवीतून शिरलाय. कात्रीनं नाही."

माझ्या जिवात जीव आला. स्प्रिंग आपोआप उघडली असती, पण डॉक्टरीणबाईंनी लगेच कडी लावून ठेवली होती.

मग त्यांनी एका पानाचं देठ भिंगाखाली धरलं आणि सुनेला दाखवलं. मधल्या शिरेवर बारीक राखाडी भुकटी होती. "मधमाशीला हे फुलातल्या परागासारखं वाटतं. ती बिचारी इथून भुकटी घेऊन खऱ्या फुलात जाते. फुलातून रोग फळात शिरतो. ते गुलाबी फळ आणलंय ना? कापा."

कापलं मीच. आजवर हजारो फांद्या कापल्या, पण फळ पोटातून कधी बघितलं नव्हतं. ब्लूबेरीत फिकट हिरवा गर असतो आणि बारीक तपकिरी बिया. या फळात बियांच्या जागी कापसासारखं पांढरं काहीतरी गच्च भरलं होतं. बाहेरून लाजलेलं आणि आतून दुसऱ्याच कुणाचं तरी झालेलं.

"ही बुरशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फळ मरतं, पण कुजत नाही. सुकून दगड होतं, जपून ठेवलेल्या ममीसारखं. म्हणून या रोगाला ममी बेरी म्हणतात. पालवी मरते ती बघून सगळे आधी थंडीलाच नावं ठेवतात."

"आमच्या घरी या फळांना लाजरी म्हणतात," सून हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "बरं, गळलेल्या फळांचं काय करता?"

सुनेनं कागदाची पिशवी उगाच घडी घालायला घेतली. मला आबांची संध्याकाळची मूठ आठवली.

"अहो, विचारतेय कारण सगळा रोग त्यांच्यातच राहतो. सुकलेलं फळ जमिनीवर पाल्याखाली हिवाळाभर पडून असतं. वसंतात त्यातून छोटासा पेल्यासारखा तपकिरी कोंब येतो आणि बरोबर पालवी फुटायच्या वेळी बुरशीची धूळ उडवतो. ती फळं वेचून खोल पुरली, वर लाकडाच्या सालींचा चांगला जाड थर घातला, की पेला वर येऊ शकत नाही. बाग वाचते. काढायची मुळीच गरज नाही. फक्त फळं बुडाशी राहू द्यायची नाहीत. एकही नाही."

"रोग आला कुठून?" सुनेनं विचारलं.

"ते नाही सांगता येणार. टिकला कशानं, ते सांगता येतं."

परतताना बसमध्ये सुनेनं पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. बाग वाचणार म्हणून तिनं नाचायला हवं होतं. पण सासऱ्याला सांगणार काय? की तुमची रोजची मूठ, तिची म्हणून जपलेली एकुलती एक गोष्ट, तीच या झाडांना मारतेय?

दारातच आबांनी विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"रिपोर्ट यायचाय," सून म्हणाली आणि आत गेली. ती खोटं बोलायला लागली की कानाची पाळी चोळते. आबांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

तीन दिवस ती दुपारी आबा झोपले की बागेत जायची. गुडघ्यांवर बसून सुकलेली फळं वेचायची, बादलीत टाकायची. संध्याकाळी आबा नवीन मूठ घालायचे. दुसऱ्या दुपारी सून ती वेचायची. चौथ्या दिवशी आबांना झोप लागली नाही. ते बागेत आले तेव्हा ती तिसऱ्या ओळीत होती, हातात मूठ, शेजारी बादली आणि बादलीच्या कडेला अडकवलेली मी.

"काय करतेस?"

ती उठली नाही. "आबा, रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला होता."

"ते तिचं आहे. ठेव तिथं."

"ही आजारी फळं आहेत, आबा."

"असू देत. आजारी म्हणून काय घराबाहेर काढायचं?"

तिनं हातातली मूठ बादलीत रिकामी केली. मग तिनं सगळं सांगितलं. डहाळीचं, भुकटीचं, मधमाशीचं, पेल्याचं. "आपण ती बुडाशी ठेवतो आणि रोग तिथंच राहतो," असं म्हणाली. 'तुम्ही' म्हणाली नाही, 'आपण' म्हणाली. तिनं स्वतः एक मूठही कधी घातली नव्हती.

"म्हणजे तिनं मारली बाग? असं म्हणायचंय तुला?" आबांचा आवाज चढला. या घरात आल्यापासून सुनेनं तो आवाज ऐकला नव्हता, आणि मीही नाही.

"नाही आबा. आईंनी घालायला सुरुवात केली तेव्हा ते खत होतं. नंतर कुठूनतरी रोग आला आणि त्याच फळांचं बियाणं झालं. त्यांना कुठं माहीत होतं? तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?" आणि तिला रडू फुटलं. "मला तुम्हाला सांगायचंच नव्हतं. मी एकटीच वेचणार होते सगळी."

"एकशे चाळीस झुडपांखालची?"

"हो."

आबांनी बादलीत डोकावून बघितलं. मग हात पुढे केला. "कात्री दे."

त्यांनी फांदीवरचं एक निळं फळ तोडलं, एक लाजरं तोडलं. दोन्ही माझ्याकडून चिरून तळहातावर ठेवली. एकात हिरवा गर, दुसऱ्यात तो पांढरा कापूस. चष्मा कपाळावर सरकवून, हात डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. पुन्हा बघितलं.

"लाजलेली नाहीत ही," ते म्हणाले. एवढंच. आणि खाली बसून वेचायला लागले.

तो उन्हाळा आणि पुढचा सगळा पानगळीचा काळ दोघं वेचत होते. मुलानं मशीनऐवजी ट्रकभर लाकडाच्या साली आणल्या. आधी त्या आणायला लागल्या म्हणून कुरकुरला, मग स्वतःच फावडं घेऊन पसरायला लागला. माझ्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. माझ्या नावानं खडे फोडताना फोनवर केवढा आवाज होता! माफी मागायची वेळ आली की माणसांना नेमकं काहीतरी काम आठवतं. हिवाळ्यात छाटणी झाली. एकेका झुडपानंतर सून मला स्पिरिटनं पुसायची. गरज नव्हती, पण छान वाटायचं.

वसंतात कळ्या फुगायला लागल्या तशी सून रोज सकाळी ओळीओळीत वाकून बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पेले दिसले तर याच दिवसांत दिसतील. सातवीपासून दुसरीपर्यंत सहा ओळींत एकही नव्हता. पहिल्या ओळीतही नव्हता. शेवटी ती पहिल्या ओळीच्या पहिल्या झुडपापाशी आली. ते मालकीणबाईंनी सगळ्यांत आधी, स्वतःच्या हातानं लावलेलं झुडूप. तिथला सालींचा थर फारच पातळ होता. तो बाजूला करून तिनं हाक मारली, "आबा, जरा येता का?"

शर्टाच्या बटणाएवढे नऊ-दहा पेले होते. तपकिरी, बारीक देठांवर उभे, तोंडं वर करून.

आबा मान खाली घालून उभे राहिले. "एकच मूठ ठेवली होती," ते म्हणाले. "एवढ्याच ठिकाणी. म्हटलं, एकानं काय होतंय?"

सून रागावली असती तर मी तिला दोष दिला नसता. ती नुसती बाजूला सरकली आणि आबांना बसायला जागा करून दिली. ते गुडघे धरत धरत खाली बसले. एका पेल्याला हळूच बोट लावलं.

"किती गोंडस आहेत गं," ते सुनेला म्हणाले. मग झुडपाकडे बघून, हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "दोघांनी मिळून लाडच केले यांचे."

खुरपं मागून घेतलं. एकेक पेला खालच्या काळ्या, भोपळ्यासारख्या चुणीदार सुकलेल्या फळासकट उकरला आणि बरणीत टाकला. सुनेला हात लावू दिला नाही. शेवटचा काढून झाल्यावर झाकण घट्ट लावलं. मग स्वतः टोपलीनं साली आणून त्या झुडपाखाली सगळ्यांत जाड थर घातला. त्यात अर्धी सकाळ गेली. मध्ये एकदा थांबून त्यांनी डोळे पुसले, आणि सालींची धूळ फार उडते म्हणाले.

बाग वाचली. रोग अगदी नाहीसा झाला असं नाही. त्या वसंतात थोड्या डहाळ्यांनी माना टाकल्या आणि उन्हाळ्यात एखादी टोपली लाजरी फळं निघाली. आता त्यांना घरात कोणी लाजरी म्हणत नाही. 'आजारी' म्हणतात आणि खोल खड्ड्यात पुरतात. डॉक्टरीणबाई एकदा येऊन सातही ओळी बघून गेल्या. जाताना सुनेला म्हणाल्या, "शिवणकाम सोडून माझ्याकडे या." ती नाही म्हणाली, पण दिवसभर गुणगुणत होती.

माझं म्हणाल तर मी आता म्हातारी झाले. धारेचं पातं सारखं घासून घासून अरुंद झालंय आणि स्प्रिंगचं तर सांगितलंच. मुलानं लाल मुठीची नवी कात्री आणली. छाटणीचं काम तिचं. पोरगी बरी आहे, फक्त आवाज कर्कश आहे. मालकीणबाईंनी तिला दुकानातच ठेवलं असतं. मला मागच्या दाराशी खिळ्याला अडकवलंय. माझ्याकडे एकच काम उरलंय, फळ चिरून बघायचं. हंगामात रोज सकाळी आबा एकेका ओळीतलं एक फळ माझ्याकडून कापून घेतात आणि आत बघतात.

तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी असेल. तिला ओली ठेवू नका, काम झालं की पुसा, बोथट पात्यालाही थोडं तेल द्या. आणि झाडाला काही झालं तर आमच्यावर ढकलायच्या आधी एक फळ कापून बघा. आम्ही ते आनंदानं कापू.

आज सकाळचीच गोष्ट. आबा आणि सून पहिल्या ओळीच्या पहिल्या झुडपापाशी आले. आबांनी एक टपोरं निळं फळ तोडलं, मी ते चिरलं. आत शेवटपर्यंत फिकट हिरवा गर. आबांनी एक अर्धुक सुनेला दिलं. दुसरं त्यांच्या तळहातावर राहिलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आपसूक खाली, झुडपाच्या बुडाकडे जायला लागला. मध्येच थांबला. सुनेनं ते पाहिलं. आबांनी हात वर घेतला, ते अर्धुक तोंडात टाकलं आणि डोळे मिटून सावकाश चावलं.

"गोड आहे गं," ते झुडपाकडे वळून म्हणाले.

ते 'गं' आपल्याला नव्हतं, हे सुनेला कळलं. तिनं मला ओढणीच्या टोकानं पुसलं आणि ती पुढच्या झुडपाकडे निघाली.